मदत हवी आहे: बार्शी, परांडा, भूम – कॅन्सरचे दर तालुकावार कसे ताडायचे?

नमस्कार मंडळी. या तीन तालुक्यांची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे. तिच्यातले गर्भाशयमुख आणि स्तनाच्या कॅन्सरचे दर मला आधी मुंबईशी आणि मग तिन्ही तालुक्यांत आपापसांत ताडायचे आहेत.

मुंबईचं जमलं. लाखामागचा नुसता दर घेतला तर फसगत होते. खेड्यातली कमावती माणसं पुण्या-मुंबईला, मागे म्हातारी जास्त. म्हणून जागतिक प्रमाण लोकसंख्येवर वयानुसार समायोजित दर घेतले, म्हणजे दोन्हीकडची वयरचना एकाच ठरावीक नमुन्यासारखी धरून काढलेले दर.

गाडी अडली तालुक्यांपाशी. एकेका वयोगटात रुग्ण बोटांवर मोजण्याइतके, एक वाढला की दर टुणकन उडी मारतो. पाच-पाच वर्षं एकत्र केली. उड्या थांबल्या, पण कल बघायला ठिपकेच उरले नाहीत. अप्रत्यक्ष समायोजन, म्हणजे अपेक्षित रुग्णांशी (एका प्रमाण दराने तालुक्यात जितके निघायला हवेत तितके) प्रत्यक्ष रुग्णांचं गुणोत्तर, करून पाहिलं. पण दोन तालुक्यांची वयरचना वेगळी असेल तर ही गुणोत्तरं एकमेकांशी ताडणं बरोबर नाही ना!

छेदाचं, म्हणजे दर काढताना ज्या लोकसंख्येने भागायचं तिचं, दुखणं वेगळंच. हाताशी जनगणना २०११ची, पुढचं मी २००१-११ची वाढ तशीच ओढून धरलंय. स्थलांतर बघता हे पटत नाही.

रुग्ण राहत्या गावावरून धरलेत, दवाखान्यावरून नाही. गाववार मांडणी नको, ओळख उघडी पडते. एक्सेल आणि जुजबी आर (R, आकडेवारीची फुकट संगणक-भाषा) येतं. विकतचं सॉफ्टवेअर परवडणार नाही.

तर २०११नंतरची वयोगटवार तालुका-लोकसंख्या तुम्ही कशी धरता? आणि इतक्या कमी रुग्णांवर तालुक्याचा कल दाखवावा, की तिन्ही एकत्रच ठेवावेत?