मदत हवी आहे: फोनो प्रीअँपच्या पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) ग्राउंड कसा आखू?

नमस्कार मंडळी. बाबांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरसाठी घरीच फोनो प्रीअँप (पिनमधून येणारा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) बनवतोय. एनई५५३२ ऑपअँप आयसी, आरआयएए इक्वलायझेशन (रेकॉर्ड कापताना बदललेला बास-ट्रेबलचा तोल परत सरळ करणारं), १ किलोहर्ट्झला साधारण ४० डेसिबल गेन. सप्लायला १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, पुढे ७८१५ आणि ७९१५ (+१५ आणि -१५ व्होल्टचे रेग्युलेटर).

पहिला बोर्ड एकाच बाजूचा. टोनरची प्रिंट इस्त्रीने उतरवली, फेरिक क्लोराइडमध्ये बुडवली (बादलीचा डाग अजून गेलेला नाही, आईचे टोमणेही नाहीत). आवाज छान येतो, पण मागे सतत घूं चालू. इनपुट शॉर्ट केलं तरी तेच. ट्रान्सफॉर्मर हातभर लांब नेला, फरक शून्य. फोनवरच्या स्पेक्ट्रम अॅपात शिखर ५० नाही, १०० हर्ट्झला दिसतं, म्हणजे घूं थेट मेन्सची नाही, रेक्टिफायरनंतरची.

म्हणजे चूक माझ्याच आखणीत असावी. रेक्टिफायरनंतरच्या (एसीचा डीसी झाल्यावरच्या) मोठ्या कपॅसिटरचा ग्राउंड (शून्य व्होल्टची सामायिक वाट) आणि इनपुटचा ग्राउंड मी एकाच बारीक ट्रॅकवरून नेलाय. कपॅसिटर चार्ज होतानाचे करंटचे झटके तिथूनच जात असणार.

आता कीकॅडमध्ये (बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) दोन बाजूंचा बोर्ड काढतोय. खालची बाजू अख्खी ग्राउंड प्लेन (ग्राउंडला जोडलेला सलग तांब्याचा थर) ठेवू, की सप्लायचा आणि सिग्नलचा ग्राउंड वेगळा आखून एकाच बिंदूला जोडू? आरसीए सॉकेट (ऑडिओ केबलचे) धातूच्या डब्यापासून इन्सुलेट करायचे का, आणि मग डबा ग्राउंडला नेमका कुठे जोडायचा? आयसीच्या पायांजवळ १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आहेतच.

कोणी असा बोर्ड केला असेल तर लेआउटचा फोटो टाका ना. बोर्ड छापायला देण्याआधी चूक सापडलेली बरी.