नाव जुळले म्हणून नोंदी एकत्र करू नयेत

ग्लेझच्या, म्हणजे मातीच्या भांड्यांवर भट्टीत काचेसारखा थर देणाऱ्या लेपाच्या, कृतींच्या आपल्या सामाईक संग्रहात एकाच नावाच्या नोंदी एकत्र करून बाकीच्या काढून टाकाव्यात, अशी सूचना आली आहे; ती मला अर्धीच पटते, कारण संग्रहातली खरी पुनरावृत्ती नावांत नव्हे, तर आकड्यांत दडलेली असते. फेल्डस्पार (एक खनिज) ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २० आणि चायना क्ले १० या सर्वपरिचित मिश्रणात रंगासाठी वरून ८ भाग लाल लोह ऑक्साइड घालून कोणी एकूण बेरीज पुन्हा १०० करून ठेवली, तर फेल्डस्पार ३७.०४ आणि लोह ७.४१ असे दिसू लागते, आणि तीच कृती नवी समजून दुसऱ्यांदा नोंदली जाते. म्हणून मूळ घटकांची बेरीज १०० ठेवावी आणि रंगद्रव्ये वेगळ्या रकान्यातच लिहावीत. फेल्डस्पार पोटॅश प्रकारचा की सोडा प्रकारचा, हेही नोंदीत हवेच. बदली घटक वापरल्यास जुनी नोंद न खोडता तिला जोडून नवी करावी. आपल्या नागपुरात मे महिन्यात बादलीत कालवलेल्या ग्लेझमधले पाणी भराभर उडते (ते दुखणे वेगळेच!), त्यामुळे ग्लेझची घनताही लिहिलेली बरी. भट्टीच्या तापमानासोबत कोनचा (ठरावीक उष्णता मिळाली की भट्टीत वाकणाऱ्या छोट्या सुळक्याचा) क्रमांक मात्र सक्तीचा करावा, कारण तेच तापमान सावकाश गाठले तर ग्लेझ अधिक वितळते, आणि हा फरक नुसत्या तापमानातून नव्हे, तर कोनवरून कळतो.