अनुभव धागा : मॅनिफोल्डचा तो मागचा बोल्ट

डिझेलवेडा
गाडी जुनी झाली की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा भाग) कधीतरी तडकतो, नाहीतर त्याचं पॅकिंग जातं. सकाळी थंड इंजिनावर टकटक, गाडी तापली की आवाज गायब (धातू फुगून फट बुजते), आणि जोडावर काजळीचा फराटा. इथवर कुणालाही कळतं. नवा मॅनिफोल्डही बाजारात मिळतो. खरं दुखणं बोल्टांचं. समोरचे बिनतक्रार निघतात. फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) किंवा स्टीअरिंग शाफ्टच्या आड एक असा दडलेला असतो की हात पोचला तर पाना पोचत नाही, आणि पाना बसला तर फिरवायला जागा नाही. आमच्या जुन्या डिझेल जीपचं हे काम निघालंय. तुम्ही तो कसा गाठलात, तुटला तेव्हा काय केलंत, सविस्तर लिहा. ‘गॅरेजला टाक’ हा सल्ला मला घरात रोज फुकट मिळतो, तो इथे नको.

बारा_तेरा
डेपोच्या वर्कशॉपात हयात गेली, आता घरी नातवाची सायकल खोलतो. बोल्ट बॉनेटमधून दिसतो म्हणून तिथूनच गाठायचा असं कुठे लिहिलंय? चाक काढा, मडगार्डचं लायनर असेल तर तेही काढा आणि आत बघा. बऱ्याच गाड्यांत मागचा बोल्ट तिथून सरळ रेषेत येतो. तरी नाही जमलं तर त्या बाजूचं इंजिन माउंटिंग सोडून इंजिन जॅकने जरासं उचलायचं. मध्ये जाड लाकडी ठोकळा हवाच, नाहीतर ऑइल चेंबर चेपेल. उचलताना पंख्याकडे आणि होजपाइपांकडे एका माणसाने डोळा ठेवायचा.

हत्यारांचं म्हणाल, तर बारा टोकांची रिंग गंजलेल्या नटाला लावूच नका, नट गोल होतो. सहा पैलूंची गोटी (सॉकेट) घ्या. एम-८ च्या (८ मिलीमीटर जाडीच्या) स्टडवर, म्हणजे इंजिनात रुतलेल्या, वरून नट लावायच्या बिनडोक्याच्या बोल्टवर, बहुधा १२ किंवा १३ ची बसते. नट गंजून बारीक झाला असेल तर एक नंबर लहान गोटी ठोकून बसवायची. लांब एक्स्टेन्शन जोडत रॅचेट अशा जागी आणा, जिथे कोपर हलवता येईल. युनिव्हर्सल जॉइंट लागलाच तर त्याच्यावर चिकटपट्टीचे वेढे द्या, म्हणजे तो लुळा पडत नाही. जॉइंट फार वाकवला की निम्मा जोर गोटी तिरकी करण्यातच जातो.

आणि पहिला झटका सोडायच्या दिशेने द्यायचा नाही. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. गंजाची पकड अशी मोडते. पाव फेरा सुटला की परत थोडा आत, पुन्हा बाहेर. दांड्याला पाइप लावून लटकणारी पोरं मी पुष्कळ बघितली, त्यांचे स्टड दुपारी लेथवाल्याकडे असायचे.

रत्नांग्री
काका, तुमचं बरोबर, पण आमच्या खाऱ्या हवेत नटाला पैलूच उरत नाहीत, गोटी बसवायची कशावर? इथे गॅस लागतो. ज्योत नटावर धरायची, स्टडवर नाही. नट लालसर झाला की फुगतो, मग निवू द्यायचा आणि कोमट असतानाच त्याला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत शिरतं. गंजतेलापेक्षा मला याचाच गुण जास्त आला आहे. वायरी, डिझेलच्या नळ्या बाजूला घ्या, ओलं पोतं आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. एक गोष्ट मात्र नक्की पाळा : ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत नेऊ नका. क्लोरीनवाला असेल तर त्याचा फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे.

लेथवाली
माझ्या शेडमध्ये तुटके स्टड घेऊन हेडं (मॅनिफोल्ड जिथे बसतो ते इंजिनाचे वरचे भाग) येतात, त्यामुळे रोगाची ही बाजू मला जास्त दिसते. बहुतेक वेळा टोकाचेच स्टड तुटलेले असतात, आणि त्याला कारण आहे. चार सिलिंडरांचा बिडाचा मॅनिफोल्ड साधारण ४०० मिलीमीटर लांब धरा. तो ५०० अंशांनी तापला तर दोनेक मिलीमीटर वाढतो. हेड पाण्याने थंड राहतं. ते ॲल्युमिनियमचं असलं आणि ८० अंशांनी तापलं, तरी पाऊण मिलीमीटरच वाढतं. उरलेली ओढाताण रोज टोकाच्या स्टडांच्या माथी. म्हणून तर बऱ्याच मॅनिफोल्डांत टोकाची भोकं मोठी ठेवलेली असतात. नवा घेताना हे बघून घ्या.

जुनाच परत लावणार असाल तर बसायची बाजू सपाट आहे का, स्केल आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून तपासा. वाकलेला मॅनिफोल्ड बोल्टांनी ओढून बसवला की नवे स्टडही जातात. सरफेस करून घ्यायला फार खर्च येत नाही.

मिशिगनकर
इकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, त्यामुळे रत्नागिरीचं दुःख घरबसल्या मिळतं. माझा व्ही-८ पिकअप. हीट शील्डचे १० चे बोल्ट हात लावताच गेले, ते सोडून द्या. फायरवॉलकडच्या स्टडचा नट स्टडसकट तुटला, पण दोन-तीन आटे बाहेर उरले होते. मराठी मंडळातल्या एका वेल्डर मित्राने त्यावर वॉशर ठेवून आधी तो वेल्ड केला, मग वॉशरला नवा नट वेल्ड केला. वेल्डच्या उष्णतेने स्टड आतून सुटतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. लाली गेल्यावर साध्या पान्याने सावकाश बाहेर आला. बॅटरीची वायर आधी काढा, आणि चाकाच्या पोकळीतून वेल्डिंग करताना गळ्याशी बंद असलेला शर्ट घाला, ठिणग्या थेट आत जातात.

डिझेलवेडा
आणि हेडच्या बरोबरीत तुटला तर? ईझी-आऊट?

लेथवाली
घरी ईझी-आऊट (तुटक्या स्टडला भोक पाडून त्यात उलटं फिरवायचं हत्यार) नको, हे माझं मत. ज्या स्टडला आख्ख्या नटाने हलवता आलं नाही, त्याला मधल्या भोकातली ती सुई काय हलवणार? ईझी-आऊट आत मोडला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही, तो फार कडक असतो. त्यापेक्षा सेंटर पंच अगदी मधोमध मारा, उलट्या आट्यांच्या ड्रिलने भोक घ्या. कधी ड्रिलच पकडून स्टड बाहेर आणतं. नाही आलं तर ६.८ मिलीमीटरपर्यंत भोक वाढवून एम-८ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार). भोक सरकलं तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी). हात सरळ राहत नसेल तर जुन्या मॅनिफोल्डचंच भोक वापरून त्यात बुश (ड्रिलच्या मापाची नळी) बसवा, ड्रिल आपोआप मध्यावर राहतं.

मारुतीचा_पुजारी
फोन व्हिडिओवर लावून आत सरकवा, कुठला बोल्ट हे आधी कळतं. आरसा आणि टॉर्च धरायला तिसरा हात नसतो.

ओम्नीवाला
आमच्या व्हॅनला इंजिन सीटखालीच, त्यामुळे सीट उचलली की काम मांडीवर येतं, पण बाजूला हात मावत नाही. डी-पाना आखूड कापून घेतला, तोच चालला. लिहायचं होतं ते वेगळंच : लीक असताना काचा बंद करून गाडी चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ‘पावसाळा झाला की बघू’ म्हणू नका, पावसाळ्यातच काचा बंद असतात.

डिझेलवेडा
रोज संध्याकाळी गंजतेल मारतोय, चाक काढून आत डोकावलो आणि काकांचं खरं निघालं, मागचा बोल्ट तिथून दिसतो. बसवताना काही?

बारा_तेरा
हेडचे आटे टॅप फिरवून साफ कर. नट नवे, स्टडवर तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण). सगळे हाताने बसेपर्यंत एकही आवळू नकोस, मग मधून टोकांकडे, दोन टप्प्यांत. एम-८ ला आवळायचा टॉर्क (पिळाचा जोर) बहुतेक ठिकाणी २० ते २५ न्यूटन-मीटर असतो, तुझ्या गाडीचं मॅन्युअल बघ. गाडी तापून पूर्ण गार झाली की एकदा परत टॉर्क तपास. आणि तो मागचा नट सगळ्यात आधी हाताने चढव, शेवटी ठेवलास तर बोटं शिरणार नाहीत.