शेड आणि शॅडो: दोन्हीकडे ‘सावली’च लिहायचं का?

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय आणि एका शब्दाशी अडलेय. सुरुवातीला आजोबा झाडाच्या ‘शेड’मध्ये बसलेत, तिथे ‘सावली’ लिहिलं. मग त्यांची ‘शॅडो’ भिंतीवर पडते, तिथेही ‘सावली’. इथवर निभावलं. शेवटी मात्र धाकटा भाऊ जन्मभर थोरल्याच्या ‘शॅडो’त राहिला असं वाक्य आहे. मी लिहिलं, ‘तो जन्मभर थोरल्याच्या सावलीत राहिला.’ मैत्रीण वाचून म्हणाली, ‘किती नशीबवान!’ मूळ कथेत तो बिचारा कुढत मेलाय.

शब्दकोशात दोन्हींपुढे सावली आणि छाया. फरक नेमका काय? आणि या वाक्याचं काय करू?

प्रतिसाद १:
मुळात शब्द एकच. जुन्या इंग्रजीतल्या एका नामाचं प्रथमेचं रूप पुढे ‘शेड’ झालं, बाकीच्या विभक्त्यांतलं ‘शॅडो’. आपल्याकडे ‘घोडा’चं ‘घोड्या’ होतं ना, तसंच. फक्त तिथे सामान्यरूपाने वेगळं बिऱ्हाड थाटलं. ‘मीड’ आणि ‘मेडो’, म्हणजे कुरण, यांचीही हीच गत.

आता अर्थ. शॅडो कुणाची तरी असते, तिला आकार असतो. शेड म्हणजे ऊन न पोचणारी जागा. भर दुपारी विजेच्या खांबाशी उभे राहा: शॅडो आहे, शेड म्हणून उपयोग शून्य. उलट दाट झाडीत शेड भरपूर, पण स्वतःची शॅडो शोधून सापडत नाही.

प्रतिसाद २:
मैत्रिणीचं बरोबर आहे. आपल्याला सावली म्हटलं की आधी उन्हातून सुटका आठवते, म्हणून मायेची सावली, छत्रछाया. इंग्रजीतल्या त्या शॅडोत उजेड अडलेला असतो. तिथे सावली हा शब्दच टाळा. ‘थोरल्यापुढे तो जन्मभर झाकोळलेलाच राहिला’ कसं वाटतं? भिंतीवर ‘पडछाया’ चालेल.

धागाकर्ती:
‘झाकोळलेला’ घेतला, अगदी चपखल! पडछाया नको, आजोबा उगाच भुतासारखे वाटतात. भिंतीवर सावलीच ठेवते. रंगाच्या शेडला ‘छटा’ लिहिलंय, तिथे अडचण नाही. पण पुढच्या पानावर कुणीतरी खिडकीची ‘शेड’ खाली ओढतंय. तिथे सरळ ‘पडदा’च ना?