घराच्या प्लॅनला अजून बाण कामून लावायलेत? टिक लावा की

साईटवरचा_लातूर:
आज परत एक प्लॅन आला, सगळ्या डायमेन्शनला (मापाच्या रेघांच्या टोकांना) भरीव बाण. आता बघा, ११५ मिमीची पार्टिशन भिंत १:१०० ला कागदावर १.१५ मिमी येती अन् ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधी, ऑटोकॅडमधी, आयएसओ-२५ नावाची तयार डायमेन्शन स्टाईल (मापाची सेटिंग) असती तिच्यातला बाण एकटाच २.५ मिमीचा, मग बसणार कुठं? बाण फेकला जातो भिंतीच्या बाहेर, आकडा त्याच्याही पलीकडं, अन् ओळीनं चार डायमेन्शन असले की कोणता आकडा कोणत्या भिंतीचा ते मिस्त्रीनं अंदाजानं ठरवायचं. टिक म्हणजे बारकी तिरकी रेघ, ती ४५ अंशात मापाच्या रेघेवर पडती अन् विषय संपला. सिव्हिलला बाण बंदच करा, माझं स्पष्ट मत.

वाळूज_फॅब्रिकेशन:
बंद म्हणं. आमच्या शॉपमधी या दादा एकदा. रेडियस, डायमीटर, लीडर (टीप दाखवायची रेघ) ह्याला टिक लावली की कळतच नाही कुठं बोट दाखवायलेत ते. अन् एका ड्रॉइंगमधी बाणाची एकच स्टाईल, हे ड्रॉइंगवर मापं लिहायच्या भारतीय मानकात, आयएस ११६६९ मधी १९८६ पासून लिहेल आहे.

पॉलिटेक्निकवाला:
अर्धंच वाचलंत सर. तिथंच पुढं लिहिलंय की बाणाला जागा नसंल तर तिरकी रेघ किंवा ठिपका चालतो. १९८८ च्या एसपी ४६ मध्ये, शाळा-कॉलेजच्या ड्रॉइंगच्या पुस्तिकेत, पण तेच. आता पोरांना पहिल्या वर्षी बाण म्हणजे लांबी रुंदीच्या तिप्पट हे घोटून घोटून शिकवतो आम्ही, मग ती ऑफिसात जाऊन शौचालयाच्या भिंतीला पण बाणच लावणार. ह्यात दोष आमचा नाही, स्केल बदललं तरी स्टाईल उघडून न बघणाऱ्याचा आहे.

साईटवरचा_लातूर:
वाळूजवाले भाऊ, मी रेडियसला टिक लावा कुठं म्हणलो? डिम स्टाईल मॅनेजरमधी (स्टाईल बदलायची खिडकी) न्यू करा, खाली 'यूज फॉर' मधी रेडियस निवडा, तिथं बाण ठेवा, मूळ स्टाईलला आर्किटेक्चरल टिक. डायमीटर अन् लीडरचं पण तसंच. ह्या झाल्या चाईल्ड स्टाईल, एकाच नावाखाली बाण अन् टिक दोन्ही राहतात, काय अवघड आहे त्यात.

नांदेड_ड्राफ्टिंग:
अवघड तिथं नाही, पुढं आहे. फाईल आर्किटेक्टकडून स्ट्रक्चरलवाल्याकडं जाती, तो कॉपी करून स्वतःच्या फाईलमधी पेस्ट करतो, अन् दोन्हीकडं स्टाईलचं नाव आयएसओ-२५ असलं की ज्या फाईलमधी पेस्ट केलं तिचीच सेटिंग चालती, तुमची टिक गेली, परत बाण. म्हणून डिफॉल्ट नावाच्या स्टाईलमधी बदल करूच नका राव, ऑफिसचं नाव देऊन वेगळी करा. अन् खरं सांगू का, बाण की टिक हे भांडण मला फुकटचं वाटतं. लोक बाण हलवायसाठी डायमेन्शन एक्स्प्लोड करायलेत (फोडून सुट्या रेघा करायलेत), आकड्यावर हातानं आकडा टाईप करायलेत! भिंत सरकली तरी आकडा जुनाच. त्याच्यावर बोला.

साईटवरचा_लातूर:
फुकटचं कसं? बाण बाहेर फेकला जातो म्हणूनच तर लोक एक्स्प्लोड करतात. मुळात जागा मिळाली असती तर कोण हात लावतंय.

वाळूज_फॅब्रिकेशन:
आळस आहे तो, जागेचं काही नाही. ग्रिप (निवडल्यावर दिसणारा निळा चौकोन) धरून आकडा बाजूला ओढता येतो, एक्स्प्लोड कशाला. अन् झेरॉक्सवर टिकची रेघ बारीक असली की एक्स्टेन्शन लाईनमधी (भिंतीपासून मापाच्या रेघेपर्यंतच्या रेघेत) गायब होती, भरीव बाण तरी दिसतो.

साईटवरचा_लातूर:
टिकची लाईनवेट (रेघेची जाडी) जास्त ठेवा मग, ब्लॉकच (जोडून ठेवलेलं चिन्ह) आहे तो. स्वतःचा बनवून लावता येतो.

वाळूज_फॅब्रिकेशन:
हां, म्हणजे साध्या भिंतीसाठी आधी ब्लॉक बनवा, मग चाईल्ड स्टाईल बनवा, मग नाव बदला. आमचा बाण डबल क्लिकमधी होतो.

पॉलिटेक्निकवाला:
अन् मिस्त्रीला फूट-इंच पाहिजे म्हणून त्याच डायमेन्शनमध्ये अल्टरनेट युनिट (दुसऱ्या एककातलं माप) चालू करतात त्याचं काय? ११५ च्या पुढं कंसात साडेचार इंच आला की टिक असो की बाण, आकडा बाहेरच.

साईटवरचा_लातूर:
तेवढ्यासाठी मी फूट-इंचाची शीट वेगळीच काढतो. टिकवाली.