कायटोसान फिल्ममध्ये अर्क घातला की नासल्यासारखं होतं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
प्रकल्पासाठी अन्न गुंडाळायची विघटनशील फिल्म करतेय. १ टक्का ॲसेटिक आम्लात २ टक्के कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा, लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ) रात्रभर ढवळते, गाळते, फिल्म लवचीक राहावी म्हणून कायटोसानच्या वजनाच्या ३० टक्के ग्लिसरॉल घालते आणि पेट्री डिशमध्ये ओतून ४० अंशांवर वाळवते. नुसती फिल्म झकास येते. पारदर्शक, डिशमधून अलगद सुटणारी, दुमडली तरी न मोडणारी.

घोडं अडलंय डाळिंबाच्या सालीच्या अर्कापाशी. साल ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढला, इथेनॉल उडवून तो घट्ट केला. द्रावणात ओतला रे ओतला की पिवळट तंतू धरतात, दूध नासल्यासारखे. ते गाळून टाकते, पण फिल्म कडेने तडकते आणि सोलताना काचेसारखी मोडते.

ग्लिसरॉल ५० टक्क्यांवर नेऊन पाहिलं. मोडणं थांबलं, पण आता ती बोटाला चिकटते आणि दोन तुकडे एकमेकांवर ठेवले तर सुटता सुटत नाहीत. शिवाय ग्लिसरॉल पाणी ओढतं, म्हणजे बाष्प अडवायच्या नावाने बोंब. अर्क कमी करावा, तर डीपीपीएचचा (अँटिऑक्सिडंट मोजायच्या चाचणीतलं रसायन, अँटिऑक्सिडंट असले की फिकं पडतं) जांभळा रंग आत्ताच जेमतेम फिका होतोय. मग हे ‘सक्रिय’, म्हणजे अन्न टिकवायला स्वतः हातभार लावणारं, वेष्टन कसलं? मार्गदर्शक म्हणतात, ढवळत राहा. ढवळतेच आहे हो!

पीएचमुळे होतंय का हे? कुणी केलं असेल तर सांगा, प्लीज.

प्रतिसाद १
पीएच ६ च्या वर गेला तर कायटोसान आपणहून बाहेर पडतो, तेव्हा एकदा मोजून घ्या. पण सालीचा अर्क मुळात आंबट, त्यामुळे माझा संशय टॅनिनवर, म्हणजे सालीतल्या तुरट फिनॉलवर्गीय द्रव्यावर. आम्लात कायटोसानवर धन भार असतो. टॅनिनच्या एकेका रेणूला फिनॉलचे हात भरपूर, तो दोन-चार साखळ्या एकदम धरून ठेवतो. कातडं कमावताना होतं साधारण तेच. बांधलेल्या साखळ्यांना ग्लिसरॉल कितीसं सैल करणार?

अर्क आधी १ टक्का ॲसेटिक आम्लात चांगला पातळ करा, मग जोरात ढवळत थेंबथेंब सोडा. आणि गाळू नका! गाळणीवरच्या चोथ्यात तुमचे फिनॉल, म्हणजे अँटिऑक्सिडंटच, चाललेत. सोलण्याआधी डिश मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर, बंद डब्यात दोन दिवस ठेवा. तिथे आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास राहते, फिल्म जरा मऊ पडते.

एक विचारतो, डीपीपीएचसाठी तुकडा थेट मिथेनॉलमध्ये टाकता का? त्यात कायटोसान फारसा फुगत नाही, अर्क आतच अडकतो. आधी पाण्यात ठेवा आणि त्या पाण्याची चाचणी करा.

धागाकर्ती
थेट मिथेनॉलमध्येच टाकत होते! उद्या एकाच फिल्मचे दोन तुकडे, एक पाण्यात आणि एक मिथेनॉलमध्ये, ठेवून आकडे इथेच टाकते. चोथा मात्र कालच बेसिनमध्ये गेला.