कंठ फुटल्यानंतरही गायकवृंदात राहावे का?

प्रश्न – एका गायकाची आई

माझा मुलगा नवव्या वर्षापासून गायकवृंदात सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची ओळ, गातो. आता तो तेरा वर्षांचा आहे आणि गेल्या दोन महिन्यांपासून त्याचा कंठ फुटू लागला आहे. मागच्या तालमीत वरचा स्वर घेताना त्याचा आवाज मध्येच चिरकला, शेजारची मुले हसली, आणि घरी येताच त्याने गाण्यांची फाईल कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर टाकून दिली. तेव्हापासून ‘आता माझा तिथे काही उपयोग नाही’ एवढेच तो म्हणतो. मला स्वतःला गाण्यातले फारसे कळत नाही, त्यामुळे त्याची समजूत कशी घालावी हे सुचत नाही. लहानपणी गायकवृंदात आलेले आणि मोठेपणीही तिथेच राहिलेले कुणी येथे असतील, तर त्यांना त्यातून नेमके काय मिळाले हे जाणून घ्यायचे आहे. शिस्त लागते, आत्मविश्वास वाढतो, ही उत्तरे मला ठाऊक आहेत. ती पोहण्याच्या वर्गालाही लागू पडतात.

उत्तर – दुसरा बास

मी दहाव्या वर्षी सोप्रानोंच्या पहिल्या रांगेत उभा राहिलो आणि आज सत्तेचाळिसाव्या वर्षी मागच्या रांगेत दुसरा बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, गातो. मला जे मिळाले ते एका उदाहरणावरून सांगतो. संगीतकार हँडेलच्या ‘मसाया’ या रचनेतले ‘हालेलुया’ हे समूहगान मी दोन्ही रांगांतून गायलो आहे. त्यात मध्यावर एक जागा अशी येते की बास एकटेच नवी ओळ सुरू करतात, त्यांच्यामागून टेनर (पुरुषांचा वरचा आवाज), मग आल्टो (सोप्रानोच्या खालचा आवाज) आणि सर्वांत शेवटी सोप्रानो तीच ओळ उचलतात. लहानपणी तिथे मी बोटांवर मात्रा मोजत उभा असे. पाठीमागून येणारा तो जाड आवाज म्हणजे माझी पाळी येईपर्यंतचा निव्वळ खोळंबा होता. त्यानंतर लगेच सोप्रानोंचे दीर्घ स्वर एकेक पायरी वर चढत जातात आणि खालचे आवाज त्यांना तुटक, जोरकस उत्तरे देत राहतात. त्या वेळी मला प्रामाणिकपणे वाटायचे की गाणे आम्हीच गात आहोत आणि बाकीचे मध्येमध्ये बोलत आहेत.

वयाच्या विसाव्या वर्षी मी तेच गाणे बासमधून गायलो, तेव्हा ती नवी ओळ सुरू करण्याची पाळी माझी होती आणि ज्याच्या मागे लपावे असा दुसरा आवाज पुढे नव्हता. लय तिथे किंचित जरी ढिली पडली, तरी मागून येणारे तिन्ही आवाज तीच ढिली लय उचलतात. शिवाय सोप्रानोंची ओळ मला अजूनही तोंडपाठ असल्यामुळे, तो चढ चढताना त्या मुलांचा दम कुठे संपत येतो हे मला आधीच कळते आणि तेवढ्या जागेत मी माझा आवाज आपोआप थोडा आवरतो. जो थेट मोठेपणी बास म्हणून आला, त्याला हे शिकवून येत नाही असे मी म्हणणार नाही, पण त्याला ते बाहेरून शिकावे लागते.

दुसरी गोष्ट श्वासाची. लांबलचक स्वर अखंड ऐकू यावा म्हणून आम्ही सगळे एकदम श्वास घेत नाही. शेजाऱ्याचा चालू आहे तोवर आपण थांबायचे, त्याचा झाला की आपण शब्दाच्या मधोमध, स्वराच्या पोटात, हळूच बाहेर पडायचे आणि तितक्याच हळू परत शिरायचे. माझ्या डावीकडचा माणूस गेली अठरा वर्षे तोच आहे. त्याच्या घरी मी दोनदाच गेलो असेन, पण त्याचा श्वास कधी तोकडा पडतो ते मला माहीत आहे. स्वीडनमधील गॉथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांना २०१३ साली असे आढळले की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गतीही श्वासाबरोबर एकाच वेळी वाढते आणि उतरते. ते वाचून आमच्या रांगेत कुणालाही नवल वाटले नाही.

उत्तर – आवाजाची शिक्षिका

ताई, वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण मुलाला आज हवे आहे ते वेगळे. त्याच्या घशात काय चालले आहे ते त्याला सरळ सांगा. या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. वाद्य बदलत असते, पण बोटांना सवय जुन्याच वाद्याची असते. चिरकणे त्यातून येते. या काळात गाणे पूर्ण बंद करण्याची गरज नसते. सहज लागणाऱ्या पाचसहा स्वरांतच गावे, वरच्या स्वरांसाठी जोर लावू नये, आणि घसा दुखला तर त्या दिवशी थांबावे. टिकणारा घोगरेपणा असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. संचालकांना विचारून त्याला काही महिने आल्टोत किंवा सोप्या खालच्या ओळीत उभे करता येईल.

त्याला एक गोष्टही सांगा. थोर जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७०० साली, पंधराव्या वर्षी, उत्तम सोप्रानो म्हणून जर्मनीतल्या ल्यूनेबुर्गच्या गायकवृंदात दाखल झाला. त्याच्या मृत्युलेखात असे नोंदवले आहे की काही काळाने गाताना त्याच्या वरच्या स्वराबरोबर खालच्या सप्तकातला स्वरही आपोआप उमटू लागला, आठ दिवस त्याचे बोलणे आणि गाणे असे दोन सप्तकांतच चालले, आणि मग सोप्रानो कायमचा गेला. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने तर २६ जुलै १८१२ रोजी आपल्या आल्टोच्या प्रतीवर लिहून ठेवले की आज आपण शेवटचे ‘आरवलो’. या दोघांपुढे तुमच्या मुलाची एक चिरक काहीच नाही.

उत्तर – परत आलेला

मला थोडा विरोधी सूर लावायचा आहे. माझा कंठ फुटला तेव्हा आमच्या संचालकांनी मला रांगेतच ठेवले, पण ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले. तीन कार्यक्रम मी ओठ हलवले आणि चौथ्याला गेलो नाही. पुन्हा गायकवृंदात पाय ठेवायला मला सोळा वर्षे लागली. त्यामुळे ‘टिकून राहा’ असे सरसकट सांगू नये. टिकायला त्याला खरोखर गाता येईल अशी एखादी ओळ द्यावी लागते, मग ती चार स्वरांची का असेना. मोठेपणी आलेल्यालाही पुष्कळ मिळते. दिवसभर ज्याला सगळीकडे स्वतःचे म्हणणे मांडावे लागते, त्याला दोन तास स्वतःचा आवाज वेगळा ऐकू न येणे ही मोठी चैन आहे. मात्र वर ‘दुसरा बास’ नावाने लिहिणाऱ्यांना सोप्रानोंची ओळ पाठ आहे हे वाचून मला हेवा वाटला, हेही कबूल करतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी एवढे सविस्तर लिहिलेत याबद्दल आभारी आहे. बाखचे आठ दिवस ऐकून तो बऱ्याच दिवसांनी मनापासून हसला. ओठ हलवण्याचा प्रसंग वाचून मी आधी संचालकांशी बोलले. त्यांनी त्याला पुढचे काही महिने आल्टोत घेण्याचे मान्य केले आहे. तो जाईन म्हणालेला नाही. पण काल रात्री फाईल फळीवरून खाली आलेली दिसली, ‘हालेलुया’चे पान उघडे होते, आणि बास जिथे एकटे सुरू करतात तिथे पेन्सिलीने एक बारीक गोल काढलेला होता.